सुट्टीच्या दिवशीचा रक्तदाब आणि खेपेवरचा रक्तदाब

लांबपल्ला :

गेली २२ वर्षे मी अवजड मालवाहू वाहन चालवतो. दरवर्षी कामाच्या ठिकाणी वैद्यकीय तपासणी होते आणि दरवर्षी माझ्या कागदावर ‘योग्य’ असा शिक्का बसतो. तरीही हा धागा काढण्याची वेळ आली, कारण मागच्या महिन्यात मुलीने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणून दिले आणि त्यातले आकडे त्या शिक्क्याशी जुळेनात. सुट्टीच्या दिवशी सकाळी माझा रक्तदाब १२८/८२ येतो. अकरा तासांची खेप संपवून गाडी उभी केल्यावर केबिनमध्येच मोजला, तर १५६/९८ आला. एकदा नव्हे, सलग तीन खेपांना हाच प्रकार झाला. तपासणीला मी नेहमी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, झोप पूर्ण करून जातो, त्यामुळे तिथे कधीच काही निघत नाही.

आणखी एक गोष्ट लिहितो. चार वर्षांपूर्वी कमरेचा पट्टा ज्या भोकात बसत असे, त्याच्या पुढची दोन भोके वापरून झाली आहेत आणि तिसरे मी स्वतः तापवलेल्या खिळ्याने पाडून घेतले आहे. वजनकाट्यावर मात्र या काळात पाचच किलोंची भर दिसते. खेपेच्या शेवटी बूट काढले, की मोज्याच्या रबराची खूण घोट्यावर अर्धा तास तशीच राहते.

माझा प्रश्न साधा आहे : यंत्र चुकते आहे, की मी दोन वेगळी माणसे आहे? या पेशातल्या लोकांनी आणि वैद्यकीय जाणकारांनी लिहावे. ‘फिरायला जा आणि कमी खा’ एवढेच सांगायचे असेल, तर ते मला ठाऊक आहे.

ठोका :

मी हृदयरोगाच्या विभागात काम करतो. तुमचे यंत्र बहुधा बरोबर आहे, पण आधी मोजण्याची रीत तपासून घ्या. मूत्राशय भरलेले असेल, तर वरचा आकडा १० ते १५ अंकांनी चढू शकतो. खेपेच्या शेवटी बहुतेक चालकांची हीच अवस्था असते. तंबाखू, सिगारेट किंवा कॅफीन असलेले पेय घेतल्यावर अर्धा तास मोजू नये. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि पट्टा दंडाच्या घेराला पुरेसा असावा, कारण जाड दंडाला लहान पट्टा लावला, तर आकडा फुगतो.

हे सर्व पाळूनही कामाच्या दिवशी आकडा चढलेलाच राहिला, तर त्याला वैद्यकात ‘मास्क्ड हायपरटेन्शन’, म्हणजे झाकलेला उच्च रक्तदाब, असे नाव आहे. डॉक्टरांच्या खोलीत शांत, रोजच्या जगण्यात चढलेला. घरी किंवा जागेपणी घेतलेल्या मोजमापांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल, तर तो उच्च रक्तदाबच समजतात, आणि हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांना त्यापासून होणारी इजा उघड उच्च रक्तदाबाच्या जवळपास जाते. खात्रीसाठी २४ तास दंडाला यंत्र बांधून ठेवण्याची तपासणी असते, पण ती कामाच्या दिवशी करायला हवी. सुट्टीच्या दिवशी केली, तर पुन्हा तोच शिक्का मिळेल.

चालकाचा रक्तदाब का चढतो, याचे कारण केवळ ‘ताण’ या शब्दात बसत नाही. गाडी चालवताना शरीर बसलेले असते आणि मेंदू मात्र तासन्‌तास धोक्याच्या पहाऱ्यावर असतो. पळताना ॲड्रेनलिन वाढते, तेव्हा स्नायू रक्तातली साखर आणि चरबी खर्च करतात. इथे ते वाढते आणि खर्च करणारा कोणीच नसतो. त्यात कित्येक तास गुडघे वाकलेले असल्याने पायाच्या रोहिण्यांतला रक्तप्रवाह मंदावतो आणि रक्तवाहिनीच्या अस्तराची प्रसरण पावण्याची क्षमता घटते. मोज्याची खूण म्हणजे त्याच बैठकीमुळे शिरांतले रक्त पायातून वर परतताना रेंगाळते, याचे चिन्ह आहे. ती एकाच पायावर असेल आणि पोटरी दुखत असेल, तर मात्र गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी दाखवावे.

पट्ट्याच्या भोकांबद्दल : वजन थोडे आणि घेर जास्त वाढला, याचा अर्थ चरबी पोटात साठते आहे आणि बहुधा स्नायू उतरत आहेत. चयापचयाच्या दृष्टीने काट्यापेक्षा तुमचा पट्टा अधिक खरे बोलतो. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात.

टाचणी :

बैठ्या कामाने हृदयविकार होतो, हे म्हणताना थोडी सावधगिरी बाळगावी, असे मला वाटते. या विषयावरचा सर्वांत गाजलेला पुरावा लंडनच्या दुमजली बसमधला आहे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवले, की दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो आणि झालाच, तर सौम्य होतो. एकच संस्था, एकच बस, एकाला खुर्ची आणि दुसऱ्याला जिना. याहून सुबक तुलना शोधून सापडणार नाही. पण पुढे १९५६ मध्ये त्याच गटाने गणवेशाच्या नोंदी काढल्या, तेव्हा चालकांच्या पँटचा कमरेचा घेर मुळातच वाहकांहून मोठा असल्याचे दिसले. म्हणजे काही अंशी अंगाने जड माणसेच चालकाच्या खुर्चीकडे वळत होती. मग खुर्चीने माणूस बिघडवला, की बिघडायला निघालेला माणूस खुर्चीत बसला?

ठोका :

आक्षेप रास्त आहे आणि तो संशोधकांनी स्वतःच स्वतःवर घेतला, हे त्यांचे मोठेपण. परंतु त्यापुढची पायरीही सांगायला हवी. सडपातळ, मध्यम आणि स्थूल असे गट पाडून पाहिले, तेव्हाही प्रत्येक गटात अचानक मृत्यूचे प्रमाण चालकांमध्येच अधिक होते. याचा अर्थ निवडीचा परिणाम होता आणि खुर्चीचाही होता. आजच्या चालकाच्या बाबतीत त्यात तंबाखू, अपुरी झोप आणि धूर यांची भर पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०१० मध्ये लांब पल्ल्याच्या १,६७० ट्रकचालकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्यात स्थूलता ६९ टक्के आणि धूम्रपान ५१ टक्के आढळले. इतर नोकरदारांमध्ये हेच आकडे अनुक्रमे ३१ आणि १९ टक्के होते. एवढा फरक केवळ निवडीने पडतो, असे मानायला मी तयार नाही.

रातवा :

मी रात्रीची प्रवासी बस चालवतो. खाण्याविषयी लिहितो, कारण ‘चालकांना खाण्याचा ताबा नसतो’ असे बोलणारे लोक पहाटे दोन वाजता कधी स्टिअरिंगवर बसलेले नसतात. त्या वेळी लागते ती पोटातली भूक नसते. झोप दाबण्यासाठी तोंड हलते ठेवायचे असते. चघळणे थांबले, की पापणी जड होते, म्हणून कोणी गोड पेय घेतो, कोणी तंबाखूची चिमूट लावतो. मला स्वतःला रात्रीचे भरपेट जेवण झाल्यावर तासाभराने जी पेंग येते, तिची भीती वाटते. म्हणून मी दोनच्या आधी नीट जेवत नाही आणि सकाळी घरी पोचल्यावर दोन वेळचे एकदम जेवून झोपतो. साखर दोन वर्षांपूर्वी निघाली.

दुसरी अडचण पाण्याची. गाडीत प्रवासी असताना हवे तिथे थांबता येत नाही, म्हणून पाणी कमी प्यायचे, हे आम्ही नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच शिकतो. मला रक्तदाबासाठी जी गोळी दिली आहे, तिने लघवी वाढते. खरे सांगायचे, तर ड्यूटीच्या दिवशी मी ती घेतच नाही. डॉक्टरांनी ‘औषध नियमित घेता ना’ असे विचारले, तेव्हा मी मान हलवली. त्यांनी मी काम काय करतो, हे विचारले नव्हते आणि मीही सांगितले नाही.

ठोका :

हे प्रामाणिकपणे लिहिल्याबद्दल आभार. अशी ‘सुट्टीपुरती’ गोळी घेणारे चालक मी अनेक पाहिले आहेत आणि दोष अर्धा आमचा आहे. रक्तदाबाची सर्वच औषधे लघवी वाढवत नाहीत. तुमची वेळ सांगितलीत, तर डॉक्टर औषध बदलू शकतात किंवा ते सकाळी परतल्यानंतर घ्यायला सांगू शकतात. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्याही लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात, त्यामुळे पाणी न पिणाऱ्या माणसाला त्या देताना विचार करावा लागतो. आपल्या मनाने काहीही बंद करू नका, पण ‘मी रात्रभर बस चालवतो आणि चार तास थांबता येत नाही’ हे वाक्य खोलीत शिरताच पहिले बोला.

रात्री जेवल्यावर साखरही अधिक चढते. शरीराचे घड्याळ रात्री इन्सुलिनचे काम मंद करते. २००९ साली प्रयोगशाळेत निरोगी माणसांचे झोपण्या-जेवण्याचे वेळापत्रक बारा तासांनी उलटे केले, तेव्हा इन्सुलिन २२ टक्के वाढूनही रक्तातली साखर ६ टक्के वर राहिली, सरासरी रक्तदाब ३ टक्के वाढला आणि पोट भरल्याचा संदेश देणारे लेप्टिन १७ टक्के घटले. त्याआधी १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तर रक्तातली साखर हटवण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला. ही तरुण, धडधाकट मुले होती आणि त्यांच्यावर प्रवाशांची जबाबदारी नव्हती.

म्हणून रातपाळीच्या चालकाने मुख्य जेवण पाळी सुरू होण्याआधी घ्यावे, मध्यरात्रीनंतर लागलेच तर थोडे आणि कमी गोड खावे आणि झोपण्यापूर्वी दोन जेवणांची बेरीज करू नये, असे मी सुचवतो. जी झोप डोळे मिटवायला निघाली आहे, तिच्यावर खरा उपाय वीस मिनिटांची डुलकी हाच आहे, आणि तीही गाडी उभी करून. इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणारी गोळी चालू असेल, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नयेत.

उंबरठा :

माझे पती ट्रक चालवतात. ते घरी असतात तेव्हा मी झोपत नाही, असे म्हटले तरी चालेल. ते मोठ्याने घोरतात, मग एकाएकी आवाज बंद होतो, मी अंधारात मोजत राहते, आणि पंधरा-वीस आकड्यांनंतर गुदमरल्यासारखा श्वास घेऊन ते पुन्हा घोरू लागतात. सकाळी डोके दुखते. रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू आहेत, तरी तो उतरत नाही. झोपेची तपासणी करून घ्या म्हटले, की ते एकच उत्तर देतात : त्यात काही निघाले, तर गाडी हातातून जाईल. धागाकर्त्यांना आणि इथल्या इतर दादांना मला विचारायचे आहे, की तुम्ही तपासणीला जाताना खरोखर सगळे सांगता का?

जुनाक्लच :

ताई, आम्ही सांगत नाही. मीही सांगत नव्हतो. तुम्ही वर्णन केले आहे ते झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराचे, ज्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. माझ्या तपासणीत तासाला ३८ वेळा श्वास अडकतो, असे निघाले. तीसच्या पुढे तो तीव्र समजतात. प्रत्येक वेळी रक्तातला प्राणवायू घसरतो, शरीर दचकून जागे होते आणि रक्तदाब उसळतो. रात्रभर हे चालले, तर दिवसा तीन गोळ्या काय करणार? मला काही आठवडे गाडीवरून उतरवले, नाकावर हवेच्या दाबाचे यंत्र, म्हणजे सीपॅप, लावून झोपायला सांगितले, यंत्रातली नोंद पाहिली आणि मी परत गाडीवर चढलो. निवृत्त होईपर्यंत आठ वर्षे चालवली. ते यंत्र केबिनमधल्या बर्थवरही लावता येते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी ट्रकचालकांच्या एका अभ्यासात हा विकार असून उपचार न पाळणाऱ्यांकडून टाळता येण्याजोगे गंभीर अपघात पाचपट दराने झाल्याचे दिसले. त्यांना हे वाचून दाखवा. गाडी तपासणीमुळे जाण्यापेक्षा डुलकीमुळे जाण्याची शक्यता जास्त आहे.

फेरपत्रक :

मी चालकांच्या फेऱ्या लावण्याचे काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. चालक लपवतात, कारण आमच्या पद्धतीत तपासणीचा एकच परिणाम असतो : योग्य किंवा अयोग्य. मधली पायरीच नसते. माझ्या हाताखालच्या एका चालकाने वर्षभर इन्सुलिन लपवून घेतले आणि साखर उतरू नये म्हणून ती मुद्दाम चढती ठेवली, हे मला तो आजारी पडल्यावर कळले. ज्या नियमाने अपघात टाळायचा होता, त्यानेच त्याच्या रक्तवाहिन्या वर्षभर साखरेत मुरवल्या. अमेरिकेत २०१८ पर्यंत इन्सुलिन घेणाऱ्याला आंतरराज्य व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी वेगळी सूट मिळवावी लागत असे. त्या वर्षी नियम बदलून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे मूल्यमापन आणि ग्लुकोजच्या नोंदी यांच्या आधारे प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्याने निघण्यापूर्वी दोन तासांच्या आत आणि पुढे दर दोन तासांनी साखर तपासायची असते. म्हणजे सुरक्षितता राखून माणसाला कामावर ठेवता येते.

तासांविषयीही लिहितो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. आमच्या फेऱ्यांत ती कागदावर होती, पण तीच वेळ माल उतरवण्याच्या रांगेत धरलेली असे. चालक रांगेत केबिनमध्येच बसून राही आणि नोंदीत ती विश्रांती दिसे. ती वेळ रांगेतून वेगळी काढायला मला दीड वर्ष भांडावे लागले.

आरोग्य कार्यक्रमांबद्दल माझे मत संमिश्र आहे. अमेरिकेत ‘शिफ्ट’ नावाच्या कार्यक्रमात कंपन्यांच्या चालकांमध्ये वजन घटवण्याची स्पर्धा आणि सल्ला यांचा सहा महिने प्रयोग झाला, तेव्हा कार्यक्रमाबाहेरच्या चालकांच्या तुलनेत सरासरी सव्वातीन किलोंचा फरक पडला. ब्रिटनमध्ये योगायोगाने याच नावाचा दुसरा कार्यक्रम झाला. तिथे सहा महिन्यांनी दिवसाला सुमारे हजार पावले वाढली, पण दीडेक वर्षाने तो फरक उरला नाही. पावले मोजणारे घड्याळ वाटणे सोपे आहे, फेरपत्रक बदलणे कठीण.

टाचणी :

फेरपत्रक यांचा मुद्दा पटला. एक भर घालतो : २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या जर्मनीतील अभ्यासात, वाहतुकीत वावरल्यानंतरच्या एका तासात हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट असल्याचे आढळले. त्यात चारचाकी, सार्वजनिक वाहन आणि सायकल, सर्वच आले. धूर, आवाज आणि ताण यांपैकी कोणाचा वाटा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. पण चालकाचा तो ‘एक तास’ कधी संपतच नाही.

ठोका :

दोन व्यावहारिक गोष्टी लिहून थांबतो.

तासन्‌तासांची बैठक कशी मोडायची? दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे सावकाश चालल्यास जेवणानंतरची साखर सुमारे एकचतुर्थांशाने कमी चढते, असे २०१२ च्या एका प्रयोगात दिसले. परंतु महामार्गावर दर वीस मिनिटांनी कोण थांबणार? त्यापेक्षा उपयोगी असा २०१६ चा छोटा प्रयोग आहे. तीन तास बसलेल्या तरुणांनी एक पाय मिनिटभर हलवायचा आणि चार मिनिटे थांबायचे, असे केले. हलवलेल्या पायाच्या रोहिणीची क्षमता टिकली, स्थिर पायाची घटली. सिग्नलला, रांगेत, माल उतरवताना, म्हणजे गाडी पूर्ण उभी आणि ब्रेक लावलेला असताना, टाचा वर-खाली करायला काहीच लागत नाही.

दुसरी गोष्ट झटक्याची. चालकांची एक ठरलेली चूक असते : डावा खांदा दुखला तर गिअरमुळे, जबडा दुखला तर दातामुळे, छाती जळजळली तर जेवणामुळे. श्रमाने वाढणारी आणि थांबल्यावर जाणारी छातीची दाटण, किंवा घाम आणि मळमळीसह आलेले असे दुखणे, हृदयाचे समजूनच चालावे. मधुमेह असलेल्यांना छातीत न दुखता केवळ दम लागून किंवा घाम येऊनही झटका येऊ शकतो. अशा वेळी गाडी बाजूला घ्यावी, चारही दिवे लुकलुकते ठेवावेत, रुग्णवाहिका बोलवावी आणि ‘पुढच्या गावापर्यंत जातो’ असे म्हणून पुन्हा स्टिअरिंग धरू नये. साखर उतरल्यानेही घाम आणि थरथर होते. ग्लुकोमीटर जवळ असेल आणि आकडा ७० च्या खाली असेल, तर लगेच ग्लुकोज घ्यावे आणि साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास गाडी हलवू नये, कारण मेंदू रक्तापेक्षा उशिरा सावरतो.

लांबपल्ला :

सर्वांचे मनापासून आभार. ठोका यांनी सांगितल्याप्रमाणे चौदा दिवस नोंद ठेवली : लघवी करून, तंबाखू न लावता, इंजिन बंद करून पाच मिनिटे गप्प बसून. खेपेनंतरचा आकडा १५६ वरून उतरला, पण १४६/९२ च्या आसपास अडला. म्हणजे दहा अंक माझ्या मोजण्याच्या चुकीचे होते आणि उरलेले माझे.

ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि आत शिरताच काम काय करतो, हे सांगितले. त्यांनी कामाच्या दिवशी २४ तासांचे यंत्र बांधले. दर अर्ध्या तासाने पट्टा दंड आवळत होता. प्रत्येक वेळी गाडी थांबवणे शक्य नव्हते, म्हणून त्या दिवसापुरती फेऱ्या आखणाऱ्याने मला छोटी फेरी दिली. सरासरी १४१/८९ आली. उपाशीपोटीची साखर ११२, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१०. पोटाचा घेर ९९ सेंटिमीटर. ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’, म्हणजे चयापचय बिघडल्याचे निदान, होण्यासाठी पाचपैकी तीन निकष पुरे असतात, माझे चार भरले. लघवी न वाढवणारी एक गोळी सुरू झाली आहे आणि तंबाखू सोडण्यासाठी वेगळी वेळ दिली आहे.

उंबरठाताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून राहिले होते. मी बावीस वर्षांत सगळे कधीच सांगितले नव्हते. वार्षिक तपासणी पुढच्या महिन्यात आहे. या वेळी ती खेपेवरून आलो त्याच संध्याकाळची मागून घेतली आहे, आणि वहीही सोबत नेणार आहे. काय झाले ते इथेच लिहितो.